लॅपटॉप मोडतो कुठे

लॅपटॉप घ्यायला निघालेला पुणेकर दुकानात एक प्रश्न हमखास विचारतो, "मेटल बॉडी आहे ना?" प्रोसेसर, रॅम, एसएसडी हे सगळं घरी मोबाइलवर बघून ठरलेलं असतं. बॉडी मात्र हात लावून बघायची असते. झाकणावर बोटानं वाजवून बघायचं, तळहात टेकवायचा, गार लागलं की समाधान. विक्रेता "हो, मेटलच आहे" म्हणतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा खरं असतं, पण पुरं नसतं.

कारण लॅपटॉपचं कवच एकसंध नसतं. दुरुस्तीवाले त्याचे चार भाग मोजतात. ए पॅनल म्हणजे झाकणाची बाहेरची बाजू, बी म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, सी म्हणजे कीबोर्ड बसतो आणि तळहात टेकतात तो भाग, आणि डी म्हणजे तळ. मधल्या किमतीच्या यंत्रांत 'मेटल' बहुधा ए पॅनलपुरतं असतं, फार तर सी पॅनलही धातूचं. डी बरेचदा प्लास्टिकचं आणि बी जवळजवळ नेहमीच प्लास्टिकचं. चंदेरी रंग मारलेलं प्लास्टिकही लांबून धातूच वाटतं. चुंबक लावून काही कळत नाही, कारण ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमला चुंबक चिकटतच नाही. एसीच्या खोलीत हाताला गार लागणं ही त्यातल्या त्यात खरी परीक्षा. प्लास्टिकची उष्णतावाहकता ०.२ वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते, तर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंची १४० ते १७०.

पण माझ्या मते 'मेटल की प्लास्टिक' हा प्रश्नच थोडा बाजूला पडतो. लॅपटॉप पॅनलच्या मधोमध क्वचितच मोडतो. तो मोडतो जोडावर. धातूचा स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतो तिथे, पत्र्यावर गोंदानं पट्टी चिकटवलेली असते तिथे, आणि सर्वांत जास्त बिजागरीपाशी, म्हणजे ज्याला बाजारात सगळे हिंज म्हणतात तिथे. म्हणून पॅनल कशाचं आहे यापेक्षा हिंजचे स्क्रू कशात बसले आहेत हे कळलं तर यंत्राचं आयुष्य जास्त नेमकं सांगता येतं.

आधी पदार्थांचा हिशोब मांडू, कारण तो बराच उलटा निघतो. ताठरपणा मोजायचा यंगचा गुणांक ॲल्युमिनियमचा साधारण ७० गिगापास्कल, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा ४५ आणि लॅपटॉपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या पीसी-एबीएस (पॉलिकार्बोनेट आणि एबीएस यांचं मिश्रण) प्लास्टिकचा जेमतेम २.४. म्हणजे तितक्याच जाडीचं प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा जवळजवळ तीसपट लवचीक. पण सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनानं वाढतो. त्यामुळे ०.८ मिमी ॲल्युमिनियमइतका ताठरपणा आणायला प्लास्टिक तीसपट जाड लागत नाही, सुमारे २.५ मिमी पुरतं. आता वजन बघा. १४ इंची लॅपटॉपचं झाकण ३२ बाय २२ सेंटिमीटर धरलं तर ०.८ मिमी ॲल्युमिनियमचं वजन साधारण १५० ग्रॅम होतं आणि तेवढ्याच ताठर प्लास्टिकचं जवळपास २०० ग्रॅम. मॅग्नेशियमचं ०.९३ मिमी झाकण १२० ग्रॅमच्या आत बसतं.

म्हणजे प्लास्टिक हलकं असतं हा समज सारख्या ताठरपणाला लागू होत नाही. प्लास्टिकचा लॅपटॉप हलका असतो तेव्हा बहुधा त्याचा ताठरपणा कमी ठेवलेला असतो. उत्पादक २.५ मिमी जाडी देत नाही. तो दीड-दोन मिमी देतो आणि आतून रिब, म्हणजे आधाराच्या उभ्या पट्ट्या, घालून भागवतो. हे झाकण दाबलं की लवतं आणि सोडलं की परत येतं. पॅनलला काही होत नाही, पण ते लवताना मागची एलसीडी दाबली जाते. तळाचं पॅनल लवलं तर मदरबोर्डला पीळ बसतो आणि चिपखालच्या सोल्डरच्या जोडांवर ताण येतो. उघडलेला लॅपटॉप एका हातानं कोपऱ्याला धरून उचलायची सवय प्लास्टिकच्या तळाला म्हणूनच महागात पडते. बाहेर ओरखडाही दिसत नाही आणि आतला जोड हळूहळू थकत जातो.

धातूमध्येही तीन वेगळ्या जाती आहेत आणि त्यांना एकाच नावाखाली घालणं चुकीचं आहे. सर्वांत स्वस्त म्हणजे प्रेसवर ठोकून आकार दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. दुसरा प्रकार अखंड ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कोरून काढलेला. ॲपलनं ऑक्टोबर २००८ मध्ये मॅकबुकसाठी ही पद्धत आणली आणि मग ती बाकीच्या महागड्या यंत्रांत पसरली. तिसरं म्हणजे साच्यात दाबून ओतलेलं मॅग्नेशियम. १९८२ च्या ग्रिड कंपास या घडी होणाऱ्या सुरुवातीच्या संगणकाचं कवच मॅग्नेशियमचं होतं आणि तो अवकाशयानातूनही गेला. थिंकपॅडच्या आतला सांगाडा किंवा पॅनासॉनिकची टफबुक ही त्याच वाटेवरची. भोसरी-चाकणला शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. प्रेसचा पार्ट, व्हीएमसीवरचा (सीएनसीचाच एक प्रकार) पार्ट आणि डायकास्टिंग, म्हणजे साच्यातलं ओतीव काम, या तिन्हींचे गुण आणि दुखणी निरनिराळी.

पत्रा पोचतो आणि पोचलेलाच राहतो. झाकणाच्या मध्यावर पोचा आला तर तो दिसायलाच वाईट. कोपऱ्यावर आला तर मात्र आतली काच त्या टोकावर टेकते आणि पुढच्या एखाद्या दाबानं तिथून तडा जातो. कोरलेला भाग जास्त ताठ असतो, पण त्यातल्या स्क्रूच्या आट्या गेल्या तर पॅनलच बदलावं लागतं, आणि ते पॅनल स्वस्त नसतं. ओतलेलं मॅग्नेशियम सर्वांत हलकं. मात्र ते फारसं ताणलं जात नाही. नेहमीचा एझेड९१डी हा मिश्रधातू तीनेक टक्के ताणला की तुटतो, म्हणून ते पोचण्याऐवजी चिरतं. त्यावर रंगाचा थर असावाच लागतो. रंग उडाला आणि ओल लागली की पांढरी पूड दिसू लागते.

प्लास्टिकमध्येही असाच भेद आहे, आणि तो ओळखायची सोय बहुतेक पॅनलांच्या आतच करून ठेवलेली असते. तळ उघडला की आतल्या बाजूला कोपऱ्यात बारीक उठावदार अक्षरं सापडतात. 'पीसी + एबीएस' म्हणजे साधं मिश्रण. पुढे 'एफआर' असेल तर त्यात आग रोखणारं द्रव्य घातलं आहे. 'जीएफ' असेल तर काचेचे तंतू मिसळले आहेत आणि पुढचा आकडा त्यांची टक्केवारी सांगतो. काचतंतू घातलेलं पीसी साध्या मिश्रणापेक्षा तिप्पट ताठर असू शकतं. पण ताठरपणा फुकट मिळत नाही. साधं पीसी-एबीएस तुटण्याआधी बरंच ताणलं जातं, तर काचतंतूवालं थोडंसं ताणलं की काडकन तुटतं. थिंकपॅडसारख्या यंत्रांत तळाला असं प्लास्टिक वापरूनही ती टिकतात. त्यांचे हिंज आतल्या धातूच्या सांगाड्याला कसलेले असतात, नुसत्या प्लास्टिकला नव्हे, हे माझ्या मते त्याचं मोठं कारण.

एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप, एक सात वर्षं टिकतो आणि दुसरा दोन वर्षांत चिरतो, याचं उत्तर अनेकदा मोल्डिंगमध्ये असतं. पीसी-एबीएसचा दाणा साच्यात घालण्याआधी ८० ते १०० अंशांना तीन-चार तास वाळवावा लागतो. ओला दाणा वापरला तर वितळताना त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि पार्ट ठिसूळ होतो. कधी पृष्ठभागावर चंदेरी रेघा दिसतात, कधी रंगाखाली झाकून जातात. दुसरं दुखणं वेल्ड लाइनचं. वितळलेलं प्लास्टिक एखाद्या भोकाला वळसा घालून पलीकडे पुन्हा एकत्र येतं आणि तिथे जोड कच्चा राहतो. स्क्रूचं भोक म्हणजे अशी ओळ तयार होण्याची हुकमी जागा.

आता हिंज. स्क्रू ज्यात बसतो तो प्लास्टिकचा पोकळ खुंट, मोल्डिंगवाले त्याला बॉस म्हणतात. त्यात पितळी इन्सर्ट, म्हणजे आतून आटे असलेली छोटी नळी, गरम करून दाबून बसवलेला असतो आणि हिंजचा स्टीलचा पाय दोन-तीन बारीक स्क्रूंनी या इन्सर्टमध्ये कसलेला असतो. झाकण कुठल्याही कोनात थांबावं म्हणून हिंजमध्ये मुद्दाम घर्षण ठेवतात. दांड्यावर चकत्या आणि स्प्रिंगसारखे वॉशर दाबून बसवलेले असतात, मध्ये ग्रीस असतं आणि टोकाला नट.

साधा हिशोब करू. स्क्रीनसकट झाकण ५०० ग्रॅमचं आणि त्याचा गुरुत्वमध्य हिंजपासून ११ सेंटिमीटरवर असेल, तर ते आडवं असताना सुमारे ५.५ किलो-सेंटिमीटर इतका पीळ दोन हिंजना मिळून तोलावा लागतो, म्हणजे एकेकाला पावणेतीन. हिंजच्या पायाचे स्क्रू दांड्यापासून दीड सेंटिमीटरवर असले तर त्या बॉसना उपसून काढू पाहणारा जोर दोन किलोच्या जवळपास जातो. दिवसातून पाच वेळा झाकण उघडलं तर वर्षात अठराशे वेळा हा जोर येतो. नवं असताना प्लास्टिक तो सहज सोसतं. पण ग्रीस वाळतं, त्यात धूळ जाते, चकत्या एकमेकींना खातात, आणि हिंज घट्ट होत जातो. घर्षण दुप्पट झालं की बॉसवरचा जोरही दुप्पट. हिंज घट्ट झालाय हे वापरणाऱ्याला जाणवतं, पण बहुतेकांना ते चांगलं लक्षण वाटतं, कारण स्क्रीन डुगडुगत नाही. ते धोक्याचं लक्षण आहे. एका हातानं झाकण उघडताना खालचा भाग आता उचलला जातोय आणि पूर्वी जात नव्हता, तर त्याच आठवड्यात हिंज सैल करून घ्यावा.

याच जागेला आणखी दोन त्रास आहेत. पंख्याची गरम हवा बहुतेक यंत्रांत मागच्या कडेनंच बाहेर पडते. सतत ताण आणि सतत ऊब मिळाली की प्लास्टिक वितळण्याच्या कितीतरी आधीच हळूहळू सरकतं, इन्सर्टवरची पकड ढिली होते. शिवाय तापल्यावर पितळ जितकं प्रसरण पावतं त्याच्या तीन-चारपट प्लास्टिक पावतं. दर वेळी तापताना-निवताना बॉसच्या भिंतीला ताण बसतो. आणि झाकण मधोमध न धरता एका कोपऱ्यानं उघडलं तर त्या बाजूच्या बॉसना आडवा पीळही सोसावा लागतो. म्हणून बहुधा एकच हिंज आधी जातो.

धातूच्या झाकणाला हे दुखणं होत नाही असं समजू नये. ०.८ मिमी पत्र्यात आटे पाडता येत नाहीत, म्हणून स्वस्त 'मेटल' यंत्रांत ए पॅनलच्या आतून छोटी पट्टी किंवा प्लास्टिकची चौकट गोंदानं चिकटवतात आणि हिंज तिला कसतात. कालांतरानं गोंद सुटतो. बाहेरून झाकण अगदी सुंदर, आतून हिंज मोकळा, आणि उघडताना स्क्रीनची खालची कड फाकते. ठोकळ्यातून कोरलेल्या झाकणात किंवा मॅग्नेशियमच्या सांगाड्यात आटे धातूतच असतात, त्यामुळे तिथे हा प्रकार फार कमी.

बॉस तुटला असेल आणि नवं पॅनल मिळत असेल तर पॅनल बदलणं उत्तम. घेताना आतली खूण जुन्या पॅनलशी ताडून घ्यावी. जुन्यात 'जीएफ' आणि नव्यात नुसतं 'एबीएस' असेल तर ते घेऊ नये. पॅनल मिळतच नसेल तर बॉस पुन्हा उभा करता येतो, मात्र घाई चालत नाही. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. स्क्रू निघतील त्या क्रमानं कागदावर आकृती काढून ठेवायचे, कारण लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर वरून कीबोर्डला टेंगूळ येतं किंवा बोर्डला भोक पडतं. मग हिंज सुटा करून हातानं फिरवून बघायचा. इथेच बहुतेक दुरुस्त्या चुकतात. बॉस जोडतात, पण ज्याच्यामुळे तो तुटला तो घट्ट हिंज तसाच ठेवतात, आणि काही महिन्यांत काम परत येतं. टोकाचा नट एकअष्टमांश ते पाव फेरा सैल करायचा, दोन्ही बाजूंना सारखाच, आणि टाचणीच्या टोकावर मावेल इतकं ग्रीस लावायचं. जास्त सैल केलं तर स्क्रीन मागे पडते.

जोडायच्या जागेवर १२० किंवा १८० नंबरचा पॉलिशपेपर मारायचा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्यायचं. थिनर किंवा ॲसिटोन इथे वापरू नये, एबीएस त्यात विरघळतं. स्क्रूच्या आट्यांना व्हॅसलिनचा पातळ हात द्यायचा म्हणजे तो कायमचा चिकटणार नाही. इन्सर्ट स्क्रूवर चढवून हिंजसकट जागेवर बसवायचा, भोकं आपोआप जुळतात. मग दोन नळ्यांचं, सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी समप्रमाणात कालवून इन्सर्टभोवती आणि आजूबाजूच्या रिबपर्यंत पसरायचं. मध्ये ग्लासफायबरच्या कापडाचा तुकडा घातला तर ताकद पुष्कळ वाढते. नुसत्या इन्सर्टभोवती गोळा लावून काही होत नाही, जोर मोठ्या पृष्ठभागावर पसरला पाहिजे. अरालडाइटचं पाच मिनिटांत घट्ट होणारं पॅक टाळावं, साधं घ्यावं आणि पूर्ण २४ तास हात लावू नये. स्क्रीनची केबल आणि वायफायच्या अँटेनाच्या तारा हिंजशेजारूनच जातात. त्यांची वाट इपॉक्सीनं बुजत नाही ना हे भरतानाच बघायचं, नंतर खरवडताना तार कापली जाते. फेविक्विक इथे कधीच लावू नये. ते काचेसारखं ठिसूळ होतं, सतत हलणाऱ्या जोडावर टिकत नाही, आणि पातळ असल्यामुळे ओघळून हिंजच्या चकत्यांमध्ये शिरतं. मग हिंजच जाम होतो.

धातूची स्वतःची अशी दुखणी वेगळी. ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेनं चढवलेला संरक्षक थर कठीण असतो पण काही मायक्रॉनांचाच. तळहाताच्या घामातलं मीठ कडेवर, जिथे थर आधीच झिजलेला असतो तिथे, बारीक खड्डे पाडतं. पाण्यानं ओलसर केलेलं मऊ कापड पुरेसं आहे. धुण्याचा सोडा, ब्लीच हे क्षारीय पदार्थ आणि लिंबू-व्हिनेगरसारखी आम्लं, दोन्ही त्या थराला खातात. दुसरं म्हणजे चार्जिंग करताना धातूवर बोट फिरवल्यावर लागणारी मुंगी. दोन पिनांच्या चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह कवचावर येतो. चार्जर धड असेल तर तो अपायकारक नसतो. तीन पिनांची केबल आणि खरोखर अर्थिंग असलेला सॉकेट वापरला की मुंगी थांबते. जुन्या वाड्यांत आणि काही सोसायट्यांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्यामागे अर्थिंगची वायर नसते, हे मात्र इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं. तीन पिनांची केबल लावूनही मुंगी येते ती बरेचदा यामुळेच.

पुण्यात लॅपटॉपची खरी परीक्षा दुचाकीवर होते. ॲक्टिव्हाच्या पायाशी उभी ठेवलेली सॅक प्रत्येक स्पीडब्रेकरला खालच्या कडेवर आपटते, आणि सॅकमध्ये लॅपटॉप हिंजकडची बाजू खाली करून ठेवलेला असेल तर सगळे धक्के त्याच बॉसना. उलटा ठेवावा, हिंज वर. सॅकच्या तळाला फोमचा जाड थर हवा, नसेल तर लॅपटॉपचा कप्पा तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर लटकणारा बघून घ्यावा. पाठीवरच्या सॅकमध्ये चार्जरची वीट आणि डबा झाकणाच्या बाजूला ठेवू नये. बसमध्ये टेकून उभं राहिलं तरी तो दाब एकाच जागी एलसीडीवर येतो, आणि इथे ताठ धातूचं झाकण प्लास्टिकपेक्षा उघडपणे सरस ठरतं. पावसाळ्यात मऊ रबरासारखा लेप दिलेली प्लास्टिकची झाकणं काही वर्षांत चिकट होतात. तो लेप दमट हवेत विघटित होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं चोळून तो पूर्ण काढून टाकता येतो, खालचं प्लास्टिक शाबूत असतं. एप्रिल-मेमध्ये उन्हात लावलेल्या बंद गाडीत लॅपटॉप ठेवणं कुठल्याही कवचाला आणि त्याहून जास्त बॅटरीला वाईट.

खोक्यावरच्या लष्करी मानकाच्या शिक्क्याबद्दलही थोडं. एमआयएल-एसटीडी-८१०एच हा अमेरिकी संरक्षण खात्याचा २०१९ चा चाचणीपद्धतींचा संग्रह आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे उत्पादक ठरवतो आणि खातं कुणाला प्रमाणपत्र देत नाही. तो शिक्का असणं चांगलंच, पण कोणत्या चाचण्या केल्या हे कंपनीच्या माहितीपत्रकात वाचूनच त्याला वजन द्यावं.

कंपन्यांनी काही वर्षं वापरून बाजारात सोडलेली जुनी बिझनेस यंत्रं पुण्यात भरपूर मिळतात. त्यांतली अनेक दिसायला काळी, प्लास्टिकची आणि जाड असतात. तरी चाळीस हजारांच्या चकचकीत मेटल झाकणापेक्षा मी तीच सुचवीन. सुटे भाग मिळतात, तळ साध्या स्क्रूंनी उघडतो, आणि बऱ्याच मॉडेलांत हिंज धातूत कसलेला असतो. घेताना झाकण हळूहळू पूर्ण मागे न्यावं आणि डोळा हिंजच्या रेषेत आणून बी आणि सी पॅनलच्या कडा बघाव्यात. फट वाढताना दिसली किंवा 'कट्' आवाज आला तर आतला बॉस गेलेला आहे. मागच्या कडेवरून नख फिरवून एका बाजूला उंचवटा लागतो का बघावं. तळाचे स्क्रू सगळे आहेत का आणि त्यांची डोकी झिजलेली नाहीत ना, हेही बघावं. शेवटी यंत्र टेबलावर ठेवून चारही कोपरे आळीपाळीनं दाबावेत. डुगडुगलं तर एक तर तळाला पीळ आहे किंवा आतली बॅटरी फुगायला लागली आहे. बॅटरीची शंका आली तर विक्रेत्यासमोरच तळ उघडून घ्यावा.